८३ मिनिटांचं एक गाणं

मेटल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. लांब केस, काळे टी-शर्ट, आणि कुणीतरी मागे लागल्यासारखी वाजणारी गिटार. वेग हा मेटलचा स्थायीभाव आहे असं आपण धरूनच चालतो. मेटॅलिकापासून सुरुवात केलेल्या माझ्या पिढीचं तर नक्कीच तसं होतं. कोण जास्त फास्ट, कोणाचा ड्रमर डबल बेस किती वेळ ओढतो, हॉस्टेलवर यावरून भांडणं व्हायची.

आज मात्र उलट्या दिशेला निघालेल्या लोकांबद्दल लिहायचं आहे. मेटलमधे एक कोपरा असा आहे की जिथे सगळी चढाओढ हळू वाजवण्याची आहे. फ्युनरल डूम. नाव ऐकून हसू येतं, मान्य. पण ते अगदी शब्दशः घ्यायचं. अंत्ययात्रेच्या चालीने चालणारं संगीत. मिनिटाला ४०-६० ठोके, कधी त्याहून कमी. एकेक गाणं १०, १५, २० मिनिटांचं. आणि २०१७ साली सिएटलच्या दोन माणसांनी त्यात असं एक गाणं केलं की जे ८३ मिनिटं चालतं. बँडचं नाव बेल विच, अल्बमचं नाव 'मिरर रीपर'. अल्बममधे गाणं एकच.

त्या गाण्यामागे एक मृत्यू आहे आणि एक आवाज आहे. त्याकडे येतोच. आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे लोक असं का वागतात ते कळणार नाही.

सगळ्या मेटलसारखी हीसुद्धा गोष्ट बर्मिंगहॅमलाच सुरू होते. फेब्रुवारी १९७० मधे ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात काम करताना तुटली होती. त्यामुळे त्याने हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या, आणि त्यातून तो जड, खर्जातला आवाज जन्मला. (एका अपघातातून अख्खी शैली. आपल्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात आणि तोसुद्धा असाच ५० वर्षं प्रॉडक्शनमधे चालतो.) त्या आवाजातून डूम मेटल आलं. १९८६ मधे स्वीडनच्या कँडलमासने त्याला भव्यपणा दिला. पण तोपर्यंत ते ऐकायला 'गाणं' होतं. चाल होती, कोरस होता, नीट गाणारा गायक होता.

१९९० च्या आसपास फिनलंडमधल्या काही पोरांनी यातला उरलासुरला गोडवाही काढून टाकला. डूमचा वेग आणखी निम्मा केला आणि त्यावर डेथ मेटलचा घशातला घुरघुराट चढवला. कारिना नावाच्या छोट्या गावातला थेर्गोथॉन हा बँड यातला आद्य समजला जातो. त्यांचा एकुलता एक अल्बम १९९४ साली आला, आणि तो बाजारात येईपर्यंत बँड मोडलासुद्धा होता. गंमत म्हणजे त्यात ड्रम वाजवणारा योरी स्योरूस पुढे फिनलंडमधल्या पीएमएमपी या तुफान गाजलेल्या पॉप जोडीचा संगीतकार आणि निर्माता झाला. जगातलं सर्वात उदास संगीत सुरू करणाऱ्यांपैकी एकजण नंतर सगळा देश नाचेल अशी गाणी लिहीत होता. माणूस म्हणजे एकच फोल्डर नसतो, एवढंच.

दुसरा बँड रीहिमाकीचा, स्केप्टिसिझम. हे मला सगळ्यात प्रिय. १९९१ पासूनचा बँड, आणि त्यात बेस गिटार वाजवणारा कुणीच नाही! त्याऐवजी ऑर्गन. चर्चमधे वाजतो तसा, भिंती भरून टाकणारा. १९९५ चा त्यांचा पहिला अल्बम 'स्टॉर्मक्रोफ्लीट' ऐकताना पाण्याखाली ऐकतोय असं वाटतं. ही मंडळी स्टेजवर सुटाबुटात येतात, अंत्यविधीला आल्यासारखी. २०१५ साली तर त्यांनी तुर्कू शहरात प्रेक्षकांसमोर वाजवून त्याचाच अल्बम काढला. स्टुडिओत वेगळं काही केलंच नाही.

मग नॉर्वेचा फ्युनरल, इंग्लंडचा एसोटेरिक, न्यू जर्सीचा एवोकन, ऑस्ट्रेलियाचा मोर्नफुल काँग्रिगेशन. जर्मनीच्या अहॅबने तर २००६ मधे मोबी डिकवर अख्खा अल्बम केला. सगळ्यांबद्दल लिहीत बसलो तर पोस्टही फ्युनरल डूम होईल, म्हणून पुढे जातो. नॉर्वेच्या फ्युनरलबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. त्या बँडने आपल्याच दोन माणसांचे मृत्यू पाहिले, २००३ मधे एक आणि २००६ मधे दुसरा. आणि उरलेले वाजवत राहिले. नाव ठेवताना विशीतल्या पोरांना भारी वाटलेला शब्द पुढे खराच अंगावर आला.

आता बेल विच.

नाव टेनेसी राज्यातल्या एका भुताच्या गोष्टीवरून घेतलंय. १८१७ च्या सुमारास अ‍ॅडम्स गावच्या जॉन बेल नावाच्या शेतकऱ्याच्या घरात म्हणे एक अदृश्य बाई बोलायला लागली. भिंतीतून आवाज, मुलांना चिमटे, सगळा प्रकार. १८२० मधे बेल मेला आणि त्याचं श्रेयही भुतानेच घेतलं अशी दंतकथा आहे. आपल्याकडे कोकणात अशी घरं गावागणिक सापडतील, पण टेनेसीवाल्यांनी त्याची जाहिरात चांगली केली.

बँड सुरू झाला २०१० मधे. डिलन डेसमंड बेस आणि गाणं, एड्रियन गेरा ड्रम आणि गाणं. बस्स, दोघंच. गिटार नाही. स्केप्टिसिझमने बेस काढला होता, यांनी गिटार काढली. मेटलमधून गिटार काढणं म्हणजे मिसळीतून फरसाण काढण्यासारखं आहे, काय उरणार? तर उरतो डेसमंडचा सहा तारांचा बेस. तो त्यावर दोन्ही हातांनी टॅपिंग करतो. म्हणजे तार छेडायची नाही, बोटाने सरळ पट्टीवर दाबून आपटायची. एक हात खाली जाड तारांवर खर्ज धरून ठेवतो आणि दुसरा वर बारीक तारांवर चाल काढतो. साधारण पियानोवाल्याच्या दोन हातांसारखं. त्यात तो आवाज बेसच्या आणि गिटारच्या अशा दोन्ही प्रकारच्या अँपमधून सोडतो. डोळे मिटून ऐकलंत तर तीन-चार माणसं वाजवतायत असं वाटेल.

इथे एक तांत्रिक सूचना. सहा तारांच्या बेसची सर्वात जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमधे साधारण ३१ हर्ट्झवर असते. फोनच्या स्पीकरमधून ते येणं शक्यच नाही. तुमचा मेंदू वरच्या स्वरांवरून खालच्याचा अंदाज बांधतो आणि तुम्हाला ऐकल्यासारखं वाटतं, तेवढंच. कंपनीच्या बसमधेसुद्धा ऐकू नका. डिझेल इंजिनाची घरघर आणि हा बेस एकाच पट्टीत येतात आणि इंजिन जिंकतं. चांगला हेडफोन, बंद खोली आणि रविवारची दुपार पाहिजे.

आणि मुळात हळू वाजवणं सोपं असतं असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण दोन सेकंदांच्या पुढे गेलं की माणसाच्या मेंदूला त्यांची 'लय' म्हणून जोडणी करणं जड जातं. प्रत्येक ठोका सुटा, एकटा वाटायला लागतो. आपल्याकडे अतिविलंबित ख्यालात हाच प्रश्न येतो. अमीर खाँसाहेबांचा झुमरा आठवा. पण तिथे तबलजी मधल्या जागा भरीच्या बोलांनी भरतो, म्हणून गवय्याला आणि आपल्याला रस्ता दिसत राहतो. फ्युनरल डूमच्या ड्रमरला भरायचीच मुभा नाही. त्याने एक घाव घालायचा आणि मग हात वर धरून थांबायचं. मधली सगळी मोजणी मनात. दोन माणसांनी, मधे काहीही नसताना, पुढच्या घावावर एकत्र उतरायचं, आणि हे तासभर. वेगात चूक लपते. इथे चुकलेला घाव पुढचा घाव येईपर्यंत हवेत लटकत राहतो.

तर या दोघांचा पहिला अल्बम 'लाँगिंग' २०१२ मधे कॅनडाच्या प्रोफाउंड लोअर या लेबलने काढला. दुसरा 'फोर फँटम्स' एप्रिल २०१५ मधे. त्याची कल्पना मला फार आवडते. चार गाणी, चार भुतं. एक मातीत, एक आगीत, एक पाण्यात, एक हवेत मरतंय आणि ते मरण कधी संपतच नाही. त्याच त्या मरणात अडकून पडलेत. दोन गाणी २२ मिनिटांच्या आसपास, दोन १० च्या. (आपल्या पंचमहाभूतांपैकी आकाश तेवढं राहिलं.) यात गाणंही दोन तऱ्हांचं आहे. एक खोल विहिरीतून आल्यासारखा घुरघुराट आणि दुसरं साधं, लांबवलेल्या स्वरांचं, जवळजवळ मठातल्या प्रार्थनेसारखं. दोन्ही आलटून पालटून येतात, तेव्हा एकच भूत दोन वेळा बोलतंय असं वाटतं. आधी रागाने, मग थकून.

त्याच वर्षी, २०१५ मधे, गेरा बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी जेसी श्राइबमन आला. तो ड्रमबरोबर ऑर्गनही वाजवतो, हे पुढे महत्त्वाचं ठरलं. डेसमंड आणि श्राइबमन नव्या अल्बमवर काम करत होते. आणि मे २०१६ मधे एड्रियन गेरा वारला.

आता इथे जरा थांबा आणि डेसमंडच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्याच्याबरोबर बँड काढला, ज्याच्याबरोबर मरणावरच दोन अल्बम लिहिले, तो आता बँडमधे नाही आणि जगातही नाही. तुम्ही नव्या साथीदाराबरोबर अर्धवट लिहिलेल्या गाण्यासमोर बसला आहात. तुमचं काम काय, तर शोकाचं संगीत करणं. इतकी वर्षं तो शोक कल्पनेतला होता. भुतांचा, दंतकथांचा. आता एकदम खरा आलाय. त्याचं करायचं काय? वापरला तर धंदा केला असं होईल. नाही वापरला तर मग आजवर केलं ते नाटक होतं का?

'फोर फँटम्स'च्या रेकॉर्डिंगमधले गेराचे काही न वापरलेले टेक शिल्लक होते. स्टुडिओत अशी कात्रणं नेहमीच उरतात आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. यांनी ती काढली आणि नव्या गाण्याच्या पोटात ठेवली. त्या भागाला नाव दिलं 'मृतांचे शब्द' अशा अर्थाचं. वाद्यं मागे सरतात आणि गेराचा आवाज येतो. बाकी सगळं गाणं त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. 'जसं वर तसं खाली' या जुन्या गूढवादी वचनावरून गाण्याच्या दोन भागांना नावं दिलीत, आणि गेरा त्यांच्यामधल्या बिजागरीसारखा.

हे मला थोर का वाटतं ते सांगतो. नोव्हेंबर २०२३ मधे बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. जॉन लेननने १९७० च्या दशकात घरी कॅसेटवर गायलेला तुकडा, त्यातला पियानो मशीन लर्निंगने वेगळा काढला, आवाज लख्ख केला आणि मग उरलेल्यांनी त्यावर गाणं बांधलं. तंत्र म्हणून मी ते बघतच राहिलो, खोटं कशाला बोलू. पण ऐकताना सारखं वाटत होतं की लेननला आजच्या खोलीत आणून उभं केलंय, जणू मधे काही घडलंच नाही. बेल विचने नेमकं उलट केलं. त्यांच्या गाण्यात गेरा परत आलेला नाही. तो गेलाय आणि हे त्याचं उरलेलं आहे, हे क्षणभरही लपवलेलं नाही. तुम्हाला आवाजाइतकीच त्याच्याभोवतालची पोकळीही ऐकू येते.

आपल्या सगळ्यांच्या फोनमधे हल्ली असं काहीतरी असतं. माझ्याकडे काकाची एक व्हॉइस नोट आहे, ४ सेकंदांची. "पोचलास का रे?" एवढंच. फोन दोनदा बदलला, दोन्ही वेळा बॅकअप झालाय ना ते आधी बघितलं. ऐकत मात्र नाही. या लोकांनी तीच गोष्ट जगासमोर ठेवली, आणि त्याच्या आजूबाजूला ८३ मिनिटांची जागा सोडली, म्हणून ती अंगावर येत नाही. तीन मिनिटांच्या गाण्यात हेच केलं असतं तर मला वाटतं फार उथळ झालं असतं. लांबीचं समर्थन विचाराल तर माझ्याकडे हेच एक आहे, पण ते मला पुरेसं वाटतं.

लांबीवरून आठवलं. साध्या सीडीवर साधारण ८० मिनिटं मावतात. म्हणजे गाणं एका सीडीत बसत नाही! तीन-चार मिनिटं कापली असती तर बसलं असतं. नाही कापली, दोन सीडी काढल्या. एलपीवर तर चार बाजू, म्हणजे एका गाण्यासाठी तीन वेळा उठायचं. निर्माता होता बिली अँडरसन. या माणसाला असल्या वेडेपणाची सवय आहे. १९९६ मधे स्लीप या बँडचं तासाभराचं एकच गाणं यानेच रेकॉर्ड केलं होतं. ते ऐकून मोठ्या लेबलने हात वर केले आणि पुढे कितीतरी वर्षं ते धड बाहेर आलंच नाही. २०१७ पर्यंत काळ बदलला होता. २० ऑक्टोबरला 'मिरर रीपर' आला आणि त्या वर्षअखेरीच्या याद्यांमधे, एरवी मेटलकडे न बघणाऱ्यांच्यासुद्धा, त्याचं नाव होतं. मुखपृष्ठावरचं चित्र पोलंडच्या मारियुश लेवांडोव्स्की यांचं. तेही २०२२ मधे गेले.

गाण्याचा दुसरा भाग पहिल्यासारखा नाही, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावं. अनेकजण तिथे सोडून देतात. पहिल्या भागात आवाजाचे डोंगर आहेत. दुसऱ्यात बराच वेळ जवळजवळ काहीच नाही. बेसचे एकटेदुकटे स्वर आणि एरिक मॉग्रिजचा साधा, सरळ, लोकगीत गाणाऱ्याचा आवाज. मॉग्रिज हा एरियल रुइन या नावाने एकटा गातो आणि बेल विचबरोबर अगदी पहिल्या अल्बमपासून पाहुणा म्हणून येतो. घरात कुणी गेल्यावर पहिले काही दिवस आरडाओरडा, माणसांची गर्दी, फोन, भांडी. मग तेराव्यानंतर एक दिवस सगळे जातात आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. दुसरा भाग तो पंख्याचा आवाज आहे. शेवटाकडे डोंगर परत येतात, पण तोवर आपण बदललेलो असतो.

हे सगळं त्यांनी २०१८ साली हॉलंडमधल्या टिलबर्गच्या रोडबर्न महोत्सवात सलग वाजवलं. दोन माणसं, सव्वा तासाच्या वर, मधे टाळ्यांना जागा नाही. २०२० मधे मॉग्रिजला पाहुण्याचा बरोबरीचा करून 'स्टिजियन बाऊ' हा एकत्र अल्बम केला. मला तो थोडा पातळ वाटला. दोन चांगल्या चवी एकत्र केल्या की तिसरी चांगलीच होते असं नाही.

एप्रिल २०२३ मधे 'द क्लँडेस्टाइन गेट' आला. पुन्हा एकच गाणं, पुन्हा ८३ मिनिटं. आणि हा म्हणे तीन भागांतला पहिलाच! कल्पना अशी की तिसऱ्याचा शेवट पहिल्याच्या सुरुवातीला जोडायचा. नीत्शेचा तो विचार, की सगळं पुन्हा पुन्हा असंच घडत राहणार. आमच्या भाषेत बाहेर पडायची अट नसलेला लूप. सुरुवात ऑर्गनने होते, आणि तेव्हा स्केप्टिसिझमची आठवण येते. फिनलंडमधल्या त्या पोरांनी बेसऐवजी ऑर्गन घेतला होता, इथे बेसवाल्याच्या घरी तोच ऑर्गन पाहुणा आलाय.

ज्यांना ऐकून बघायचंय त्यांनी 'मिरर रीपर'ला थेट हात घालू नका. आधी 'फोर फँटम्स' ऐका, निदान दोनदा. आवडलं नाही तरी चालेल. त्यात गेरा जिवंत आहे, ड्रम वाजवतोय, गातोय. त्याचा आवाज कानात बसू द्या. मग एखाद्या रविवारी दुसरा लावा. तो आला की कुणी सांगायची गरज पडणार नाही.